पात्र आणि समाजगट : एका विद्यार्थी-चित्रपटाच्या आरंभाविषयी

संस्कृत नाटकात पात्राने रंगभूमीवर येऊन दोन वाक्ये उच्चारली की त्याचे समाजातील स्थान प्रेक्षकाला उमगत असे. राजा, अमात्य, विद्वान ब्राह्मण संस्कृत बोलत. स्त्रिया, सेवक आणि इतर सामान्य जन यांच्या मुखी बहुधा प्राकृत असे. भरताच्या नाट्यशास्त्राने ही व्यवस्था सांगितली आणि नाटककारांनी ती बहुतांशी पाळली. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त प्राकृताच्या अनेक छटा आढळतात. त्या नाटकाच्या प्रस्तावनेतील सूत्रधार संस्कृतात आरंभ करून, आता आपण प्राकृत बोलणार असे प्रेक्षकांना सांगूनच नटीकडे वळतो. विदूषक जातीने ब्राह्मण असूनही प्राकृत बोलतो, आणि हा अपवाद नियमाइतकाच बोलका आहे. तमाशातील गौळणीतही मावशी आणि पेंद्या यांची ओळख करून द्यावी लागत नाही. ती साच्यातली पात्रे आहेत हे सर्वांना ठाऊक असते. मावशीवरून मथुरेच्या बाजारी निघालेल्या सगळ्या गवळणींविषयी कोणी अनुमान काढीत नाही. साचा हा तेथे खेळाचा नियम असतो.

चित्रपटाची गोष्ट निराळी आहे. रंगभूमीवरील नट हा नट म्हणूनच समोर उभा असतो. पडद्यावरील माणूस मात्र छायाचित्र असतो, आणि छायाचित्राला साक्षीचे मोल येते. पडद्यावर एक झोपडी, एक कळकट सदरा आणि एक दारू पिणारा बाप दिसला की पाहणारा नकळत म्हणतो, 'हे लोक असे असतात.' लेखकाला जे विधान करावयाचे नव्हते तेही कॅमेरा करून जातो. म्हणूनच जे पात्ररूप प्रहसनात निरुपद्रवी ठरते तेच चित्रपटात एका अख्ख्या समाजगटावरील आरोपपत्र होऊ शकते. इंग्रजीत ज्या अर्थाने 'स्टिरिओटाइप' हा शब्द आज वापरला जातो तो अर्थ त्याला मिळवून दिला वॉल्टर लिपमन यांच्या १९२२ सालच्या 'पब्लिक ओपिनियन' या ग्रंथाने. त्याआधी तो छापखान्यातला शब्द होता, ओतून केलेल्या ठशाचे नाव. मराठीतील 'साचेबंद' आणि 'ठोकळेबाज' हे शब्दही कारागिराच्या हत्यारपेटीतूनच आलेले वाटतात. ठसा एकदा घडला की त्यावरून हव्या तितक्या प्रती निघतात. आणि प्रत काढणाऱ्याला मूळ माणूस पाहण्याचे कारण उरत नाही.

विद्यार्थ्याने केलेल्या चित्रपटात, आणि त्यातही त्याच्या आरंभात, हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो. ब्रिटनमधील एका परीक्षामंडळाच्या माध्यम-अभ्यासक्रमात काही वर्षे शालेय विद्यार्थ्यांना एका काल्पनिक चित्रपटाचा फक्त आरंभ, नामावलीसह, जास्तीत जास्त दोन मिनिटांचा करावयास सांगत. आणि त्यानंतरच्या मूल्यमापनात एक प्रश्न असे : तुमच्या कृतीने विशिष्ट समाजगटांचे दर्शन कसे घडवले आहे? प्रश्न रास्त आहे. पण दोन मिनिटांत समाजगट दाखवा असे म्हटल्यावर विद्यार्थी काय करील, हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही. तो टोपी, चष्मा, लकब, उच्चार यांच्याकडे वळतो. वेळ थोडा, पैसा त्याहून थोडा, नट म्हणून मित्र आणि शेजारी. अशा अवस्थेत खूण हेच सर्वांत स्वस्त साधन. गुंडाच्या डोक्यावर टोपडे चढते, म्हाताऱ्याच्या हाती काठी येते, श्रीमंत मुलीच्या हाती पर्स. परीक्षकालाही सोपे जाते, कारण खुणा मोजता येतात आणि मोजलेल्याला गुण देता येतात. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली कादंबरीतील पात्रांचे सपाट आणि भरीव असे दोन वर्ग केले होते. परंतु सपाट पात्र फॉर्स्टर यांच्या लेखी निव्वळ दोष नव्हते, त्याचाही उपयोग त्यांनी मान्य केला होता. दोष तेव्हा येतो, जेव्हा सपाटपणा पात्राच्या स्वभावातून न येता त्याच्या जातीतून, वर्णातून किंवा वस्तीतून येतो. म्हणजे इतरांना स्वभाव आणि यांना मात्र गट.

या प्रश्नाला एका विद्यार्थ्याने दिलेले उत्तर आज चित्रपटाच्या इतिहासात जमा आहे. चार्ल्स बर्नेट यांचा 'किलर ऑफ शीप' हा चित्रपट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत पदव्युत्तर पदवीसाठी सादर केलेला प्रबंध-चित्रपट होय. १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत त्याचे चित्रण झाले आणि १९७७ साली तो पुरा झाला. सोळा मिलिमीटरची फिल्म, काळा-पांढरा रंग, दहा हजार डॉलरांहून कमी खर्च, लेखन-दिग्दर्शन-छायाचित्रण-संकलन सारे एकाच्याच हातचे, आणि बहुतेक नट वस्तीतले शेजारीपाजारी व नातलग. विद्यार्थी-चित्रपट म्हणजे लघुपटच असे समजण्याचे कारण नाही. हा सुमारे ऐंशी मिनिटांचा आहे.

त्यातील वस्ती म्हणजे लॉस एंजेलिसचा वॉट्स हा भाग. दक्षिणेकडील राज्यांतून कामाच्या शोधात पश्चिमेला आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची तेथे मोठी वस्ती झाली होती. बर्नेट यांचा जन्मही मिसिसिपीमधील व्हिक्सबर्ग येथे १९४४ साली झाला आणि ते वाढले वॉट्समध्ये. १९६५ च्या ऑगस्टमध्ये या वस्तीत सहा दिवस उठाव चालला. चौतीस माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी अमेरिकेच्या मजूर खात्यातील डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांचा कृष्णवर्णीय कुटुंबाविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. कुटुंबसंस्था ढासळली आहे, घरात बाप नाही, कर्तेपण बाईकडे आहे, असा त्याचा आशय होता, आणि त्यावर मोठा वाद माजला. एकाच वर्षात वर्तमानपत्रांनी जाळपोळ करणारा जमाव दाखवला आणि सरकारी कागदाने मोडके घर. पुढे १९७१ साली 'शाफ्ट', १९७२ साली 'सुपर फ्लाय' असे चित्रपट आले. त्यांत कृष्णवर्णीय नायक गुप्तहेर किंवा कोकेनचा व्यापारी होऊन शहरातून रुबाबात फिरू लागला. प्रेक्षागृहे भरली. अपमानाची भरपाई म्हणून त्या रुबाबाचा आनंद समजण्यासारखा आहे. तथापि तोही ठसाच होता, फक्त चकचकीत शाईने उठवलेला.

तिसरा ठसा विद्यापीठाच्या आवारातच तयार होत होता, आणि बर्नेट यांचा खरा झगडा बहुधा त्याच्याशी झाला. सहाध्यायी कामगारांवर चित्रपट करीत. त्यांत कामगार पिळला जाई, मग संघटना येई, मग त्याला मार्ग सापडे. आपल्या वस्तीतल्या माणसांचे प्रश्न असे सुटत नाहीत, हे बर्नेट यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. हितचिंतकाने दिलेला ठसा शत्रूच्या ठशाहून पुसावयास कठीण असतो, कारण त्याच्याशी भांडण करावयास संकोच वाटतो. मराठीतील ग्रामीण आणि पुरोगामी कथेच्या वाचकाला याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागणार नाही. त्या विद्यापीठात 'साँग ऑफ सिलोन' या १९३४ च्या माहितीपटाचे कर्ते बेसिल राइट हे बर्नेट यांचे शिक्षक होते. ज्याचे चित्रण करावयाचे त्या माणसाचा मान राखावा, हे त्यांच्या वर्गात उमगल्याचे बर्नेट यांनी नमूद केले आहे. एका इंग्रज गृहस्थाच्या, वसाहतीत केलेल्या माहितीपटातून वॉट्सच्या चित्रपटाला वाट सापडावी, हा योगायोग मौजेचा आहे.

आता त्या आरंभाकडे वळू. पडद्यावर प्रथम वस्ती नाही, रस्ता नाही, मोडकी घरे नाहीत. अंगाईचे सूर ऐकू येतात आणि एका मुलाचा चेहरा अगदी जवळून दिसतो. त्याचा बाप त्याला रागावतो आहे. धाकट्या भावाला कोणी मारीत असताना तू नुसता उभा कसा राहिलास, असा त्याचा सवाल आहे. भांडण कोणी काढले, चूक कोणाची, हे त्याला ऐकावयाचे नाही. आईबापांचे उद्या काही बरेवाईट झाले तर तुला भावाखेरीज कोण आहे, असे तो विचारतो. तू आता लहान राहिलेला नाहीस, लवकरच पुरुष होशील, तेव्हा जग काय आहे ते आतापासूनच शिकून घे, असे बजावतो. मुलगा बोलत नाही. मग आई पुढे येते आणि त्याच्या गालावर एक चपराक ओढते. अंगाई चालूच आहे. यानंतर चित्रपट एकदम उघड्या, भकास मैदानावर जातो. तेथे मुले दगडफेकीची लढाई खेळत आहेत आणि एक मुलगा लाकडी फळीची ढाल करून तिच्याआड दडला आहे.

हा रागवला गेलेला मुलगा कोण, हे चित्रपट सांगत नाही. पुढे ज्याची कथा येते तो स्टॅन लहानपणी असा होता, असे अनेकांनी मानले आहे आणि तसे मानण्यास आधारही आहे. पण नाव नाही, साल नाही, खुलासा नाही. ही संदिग्धता चुकून राहिलेली नसावी. तो मुलगा स्टॅन असेल तर हे त्याच्या पुरुषपणाचे बीज. स्टॅन नसेल तर वस्तीतल्या कोणत्याही घरात, कोणत्याही पिढीत घडणारा प्रसंग. व्यक्ती आणि गट या दोन्ही वाचनांना एकच चेहरा पुरतो.

या प्रसंगाने काय साधले ते नीट पाहावयास हवे. घरात बाप आहे, आई आहे, दोघे एकमताने मुलाला वळण लावीत आहेत. मॉयनिहन अहवालाला येथे परस्पर उत्तर मिळते, आणि त्यासाठी अहवालाचा उच्चारही करावा लागत नाही. परंतु हे उत्तर गुणगान होत नाही. बापाची शिकवण हिंसेची आहे, आणि ती प्रेमातून आली आहे. बाहेरचे जग मारणार हे त्याला पक्के ठाऊक आहे. न्याय-अन्यायाचा विचार ही त्याच्या मते चैन आहे. म्हणून तो मुलाला नीतीऐवजी नाते शिकवतो. गोरा माणूस या दृश्यात नाही, पोलीस नाही, जमीनदार नाही; तरी त्या सर्वांचा दाब बापाच्या आवाजात आहे. समाजगट येथे पोशाखातून दिसत नाही. आपल्याच माणसांनी आपल्याकडून केलेल्या मागणीतून तो दिसतो. आणि मागणी ऐकणारा मुलगा गप्प असल्यामुळे ती त्याला पटली की नाही हे कळत नाही; तेवढ्या न कळण्यात तो व्यक्ती म्हणून शाबूत राहतो.

अंगाईविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ज्या वेळी मुलाला 'तू लहान नाहीस' असे सांगितले जात आहे त्याच वेळी लहानांना निजवणारे गाणे वाजते आहे. पॉल रोबसन यांच्या आवाजाने कृष्णवर्णीय घरांतून पोचलेल्या गाण्यांपैकी ते एक आहे. चित्रपटात पुढेही डायना वॉशिंग्टन यांच्यासारख्यांची गाणी ठायी ठायी येतात, आणि याच गाण्यांच्या हक्कांपायी हा चित्रपट तीस वर्षे सार्वजनिक प्रदर्शनाबाहेर राहिला. १९८१ साली बर्लिन येथे त्याला समीक्षकांचे पारितोषिक मिळाले, १९९० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत त्याची निवड झाली. सामान्य चित्रपटगृहांत मात्र तो २००७ मध्ये लागला, आणि गाण्यांच्या हक्कांसाठी त्याच्या मूळ खर्चाच्या कितीतरी पट रक्कम मोजावी लागली. ज्या वस्तीचे ते चित्र होते तिच्या तोंडची गाणी वापरण्याची परवानगी मिळावयास एवढा काळ लागला!

मैदानानंतर कथा स्टॅनच्या स्वयंपाकघरात येते. तो जमिनीवर पडून डागडुजी करतो आहे. मित्राशी बोलताना सांगतो की झोप लागत नाही, मनाला स्वस्थता नाही, आपण राबून राबून स्वतःच्याच नरकात चाललो आहोत. त्याची लहान मुलगी कुत्र्याचा मुखवटा चढवून दारात उभी आहे. स्टॅन कत्तलखान्यात कामाला आहे. शीर्षक ते सांगते, परंतु आरंभीची दृश्ये त्या कामाकडे धाव घेत नाहीत. एखाद्या कमी धीराच्या विद्यार्थ्याने पहिल्याच मिनिटाला रक्त दाखवले असते.

याच स्वयंपाकघरात थोड्या वेळाने जो संवाद होतो तो प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सगळ्या चित्रपटाचा गाभा मानावयास हरकत नाही. दुसरा एक मित्र स्टॅनच्या गरिबीचा उल्लेख करतो आणि स्टॅन भडकतो. आपण गरीब नाही, असे तो ठासून सांगतो, आणि पुरावा देतो : आपण साल्व्हेशन आर्मीला जुन्या वस्तू दान करतो, गरीब माणूस काही दान करू शकतो का? मग तो ओळखीच्या एका माणसाचे नाव घेऊन सांगतो की खरा गरीब पाहावयाचा असेल तर तो पाहा, जो मोकळ्या जागेवरचा पाला खुडून खातो. युक्तिवाद विनोदी आहे आणि करुणही. त्यात एक समाजशास्त्रीय सत्य सहज उघडे पडते. बाहेरून पाहणाऱ्याला जो एकजिनसी गट दिसतो त्याच्या आत पायऱ्या असतात, आणि प्रत्येक जण आपल्याखालची पायरी बोटाने दाखवीत असतो. भारतीय वाचकाला हे नव्याने सांगावयास नको. पण त्याहून मोठी गोष्ट ही की, ज्या गटाचा प्रतिनिधी म्हणून आपण स्टॅनकडे पाहू लागलो होतो त्या गटाचे नावच तो नाकारतो. प्रतिनिधीने प्रतिनिधित्व नाकारले की प्रेक्षकाची पंचाईत होते; त्याला मग माणसाकडे पाहावे लागते. लगेच पुढे स्टॅन गरम पेल्याचा स्पर्श गालाला लावतो आणि त्या उबेवरून त्याला स्त्रीची आठवण होते. मित्राला त्यातले काही कळत नाही. दारिद्र्याच्या कोणत्याही अहवालात या पेल्याची नोंद सापडणार नाही.

येथे भाषांतराचा प्रश्न उपस्थित होतो, आणि तो उपप्रश्न नाही. या बापाचे, या स्टॅनचे बोलणे मराठीत, हिंदीत किंवा कन्नडात कसे आणावे? त्यांची इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातली नाही. तिचा लहेजा दक्षिणेतून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांचा आहे. प्रमाण मराठीत तो बाप बोलला तर तो पुण्याच्या शाळेतला मुख्याध्यापक वाटू लागेल. वऱ्हाडीत किंवा मालवणीत बोलला तर जिवंत होईल, पण त्याच क्षणी वॉट्स सोडून विदर्भात किंवा कोकणात राहावयास जाईल, आणि त्याच्याबरोबर त्या प्रदेशाची, कदाचित जातीचीही, खूणगाठ येईल. भाषांतरकार एका गटाचे प्रतिनिधित्व करता करता दुसऱ्या गटाला वेठीस धरतो. संस्कृत नाटककाराची प्राकृत-योजना मागील दाराने पुन्हा घरात शिरते ती अशी. याला निर्दोष उपाय नाही. बोलीचे रूप न घेता वाक्याची ठेवण तेवढी सैल करावी, क्रियापद तोडावे, शब्द घरगुती ठेवावेत, एवढे करता येते.

'गरीब' या एका शब्दाचेच पाहा. मराठीत गरीब म्हणजे निर्धन, तसाच गरीब म्हणजे सालस, निरुपद्रवी, न भांडणारा. 'गाय फार गरीब आहे' असे म्हणताना तिच्या मालमत्तेचा विचार कोणी करीत नाही. स्टॅनने 'मी गरीब नाही' असे मराठीत म्हटले तर दोन्ही अर्थ एकदम जागे होतील, आणि आश्चर्य असे की या ठिकाणी दुसरा अर्थही अगदीच उपरा ठरत नाही. ज्याला लहानपणी भावासाठी न लढल्याबद्दल चपराक बसली असावी, असा तो माणूस आहे. मूळात नसलेली अर्थाची ही जोड भाषांतरकाराने स्वीकारावी की 'कंगाल' किंवा 'फाटका' असा शब्द घालून टाळावी, यावर मतभेद होऊ शकतील. टाळण्यापेक्षा स्वीकारणे बरे.

एकच मार्ग खरा असे मात्र म्हणता येत नाही. त्याच विद्यापीठात, त्याच वर्षांत, पुढे 'एल. ए. रिबेलियन' या नावाने ओळखल्या गेलेल्या तरुणांपैकीच एक, इथिओपियातील गोंदार येथून आलेले हैले गेरिमा यांनी 'बुश मामा' हा प्रबंध-चित्रपट केला. तो १९७५ मध्ये चित्रित झाला आणि १९७९ मध्ये लोकांसमोर आला. त्याच्या आरंभी पोलीस रस्त्यावर कृष्णवर्णीय तरुणांना अडवून त्यांची झडती घेताना दिसतात. ते दृश्य रचलेले नाही. चित्रण करण्यासाठी आलेल्या गेरिमा यांच्या सहकाऱ्यांनाच पोलिसांनी अडवले, आणि कॅमेऱ्याने टिपलेला तो प्रसंग त्यांनी चित्रपटाच्या तोंडाशी बसवला. येथे बर्नेट यांच्या पद्धतीच्या नेमके उलट घडते. प्रथम गट दिसतो, तोही सत्तेच्या नजरेतून. हात वर केलेली माणसे, नाव नसलेली. नंतर डॉरोथी ही नायिका येते. तिचा जोडीदार तुरुंगात आहे आणि ती मुलीसह सरकारी मदतीवर जगते आहे. म्हणजे मॉयनिहन यांच्या अहवालातले बापाविना घर येथे अक्षरशः हजर आहे. फरक एवढाच की बाप कोठे गेला याचे उत्तर चित्रपटाने पहिल्या मिनिटातच देऊन ठेवले आहे. आणि ज्यांची झडती घेतली जाते ते चित्रपट करणारेच असल्यामुळे, दाखवणारा आणि दाखवला जाणारा यांतले अंतर त्या क्षणी मिटते. इतका जळजळीत आरंभ योजून करता येत नाही. तो पदरी पडावा लागतो. पुढील चित्रपट त्या तोलाला सर्वत्र पुरा पडतो असे नाही. त्यातील भाषणे कधी कधी डॉरोथीच्या वाट्याची जागा घेतात.

बिली वुडबेरी यांच्या 'ब्लेस देअर लिट्ल हार्ट्स' (१९८४) या चित्रपटाची पटकथा आणि छायाचित्रण बर्नेट यांचेच. त्याचा आरंभ रोजगार कचेरीत होतो. चार्ली बँक्स हा बेकार गृहस्थ छापील अर्ज भरतो आहे. अर्ज म्हणजे तरी काय, माणसाला गटात बसवण्याचे सरकारी यंत्रच. ते यंत्र पडद्यावर आणून त्यात हळूहळू अक्षरे भरणारा हात दाखवल्याने, गट दाखवण्याचे काम अर्जाकडे गेले आणि हात तेवढा चार्लीचा राहिला.

या आरंभांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : वस्तीबाहेरच्या प्रेक्षकाला यातून पुरते कळत नाही. वॉट्स कोठे आहे, ही माणसे कोण, यांचे उत्पन्न किती, हे सांगितल्याविना सहानुभूती कशी उपजावी? आक्षेप अगदीच पोकळ नाही. अज्ञात समाजाविषयी लिहिणाऱ्या कादंबरीकाराला पहिल्या प्रकरणात थोडी माहिती पुरवावीच लागते, आणि परीक्षकाला दोन मिनिटांत गट ओळखू आला पाहिजे ही अटही विद्यार्थ्याला झुगारता येत नाही. तथापि माहिती कोणाच्या सोयीसाठी पुरवली जाते हा प्रश्न उरतोच. पात्र आपल्याच घरात आपलीच ओळख करून देऊ लागले की ते पाहुण्यासाठी बोलू लागते. घरची माणसे एकमेकांशी तसे बोलत नाहीत. कुणी बाप मुलाला 'आपण कामगार वर्गातील कृष्णवर्णीय आहोत' असे सांगत नाही. तो 'भावाला सोडून उभा कसा राहिलास' असेच विचारतो.

महाराष्ट्रात विद्यार्थी-चित्रपटाची परंपरा जुनी आहे. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली शासनाची चित्रपट-शिक्षणसंस्था उभी राहिली, आणि उमेश कुलकर्णी यांची 'गिरणी' (२००४) ही तेथील पदविकेसाठी केलेली कृती. घरात पिठाची गिरणी येते आणि तिच्या घरघरीने एका मुलाचे बालपण व्यापते, इतक्याच विषयात निम्न मध्यमवर्गाचे घर उभे राहते; वर्गाचे नाव घेण्याची गरज पडत नाही. नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' (२००९) मात्र त्या संस्थेबाहेर, अहमदनगरच्या महाविद्यालयात संज्ञापनशास्त्र शिकत असताना झाला. त्याच दिग्दर्शकाच्या पुढच्या 'फँड्री' (२०१३) या पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा आरंभ बर्नेट यांच्या आरंभाशेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे. जब्या हा मुलगा गलोल घेऊन झाडाझुडपांतून काळ्या चिमणीचा माग काढतो आहे. बरोबर मित्र आहे. जात नाही, गाव नाही, अपमान नाही. नेम धरलेला डोळा, आणि हुलकावणी देणारा पक्षी. तो कैकाडी आहे हे प्रेक्षकाला पुढे हळूहळू कळत जाते, आणि ते गावाच्या तोंडून कळते, जब्याच्या नव्हे. जब्याला त्या वेळी फक्त चिमणी हवी आहे.

शीर्षकाचा शब्दही कैकाडी भाषेतला आहे. चित्रपट लागला तेव्हा मराठी प्रेक्षकांतील पुष्कळांना त्याचा अर्थ डुक्कर असा होतो हे ठाऊक नव्हते, आणि तिकिटाच्या रांगेत लोक एकमेकांना तो विचारीत होते.